चौथऱ्यावरचं आणि मातीतलं : नंदुरबारच्या चौकांतील कलेचा सांभाळ

गेल्या वेळी आपण गढ्या आणि देवळांबद्दल बोललो होतो. आजचा विषय त्याहून जवळचा आहे, इतका जवळचा की रोज त्याच्यासमोरून जाऊनही आपण तो पाहत नाही. गावाच्या चौकात, बाजारात, बसस्थानकाबाहेर जी कला उभी असते, ती कोणाच्या मालकीची, तिची नोंद कोण ठेवतं आणि ती सांभाळतं कोण? पुण्या-मुंबईत हा प्रश्न कधीमधी चर्चेला येतो. आम्ही तो मुद्दाम नंदुरबारला नेऊन पाहणार आहोत, कारण लहान शहरात गोष्टी लपत नाहीत.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. एका बाजूला तापीचं काळं रान, दुसऱ्या बाजूला सातपुडा. शहरात एकाच गल्लीत मराठी, गुजराती आणि अहिराणी ऐकू येते, डोंगरात भिली आणि पावरी. अशा जिल्ह्यात ‘सार्वजनिक कलासंग्रह’ हा शब्द उच्चारला तर लोक म्हणतील, आमच्याकडे कुठलं संग्रहालय? पण इमारत नसली म्हणून संग्रह नसतो असं नाही. चौकातला पुतळा, हुतात्म्यांचं स्मारक, गणपतीची आरास, होळीचा दांडा हे सगळं लोकांच्या पैशातून किंवा श्रमातून उभं राहतं आणि सगळ्यांसाठी उघडं असतं. सार्वजनिक कला म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

सुरुवात स्मारकापासून करू. ९ सप्टेंबर १९४२. ‘चले जाव’ला बरोबर एक महिना झाला होता. नंदुरबारच्या रस्त्यावरून मिरवणूक निघाली, पुढे तिरंगा, आणि मिरवणुकीत शाळकरी मुलं. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शाह, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शाह ही पाच मुलं गेली. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६चा, म्हणजे त्या दिवशी त्याला सोळावंही पूर्ण झालेलं नव्हतं. नंदुरबारकराला हे सांगावं लागत नाही. दर ९ सप्टेंबरला स्मारकापाशी माणसं जमतात, हार वाहिले जातात, शाळेची मुलं येतात.

आता यात इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट टिपून ठेवावी. हे स्मारक दगड-विटांमुळे टिकलेलं नाही, ते त्या तारखेमुळे टिकलेलं आहे. वर्षातून एकदा तरी तिथे माणूस येतो, झाडू फिरतो, चुना लागतो, कोणी तरी म्हणतं, ‘अरे, ही फरशी हलतेय.’ दिवस ठरलेला आहे म्हणून डोळे ठरलेले आहेत.

याची दुसरी बाजू महाराष्ट्रात इतरत्र दिसते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना, स्वातंत्र्यलढ्यातल्या हुतात्म्यांची स्मारकं राज्यभर उभारण्याची योजना निघाली. गावोगावी जवळजवळ एकाच ठशाच्या इमारती झाल्या. हेतू चांगलाच होता. पण पुढे कित्येक ठिकाणी त्यांच्या पडझडीच्या बातम्या येत राहिल्या, दुरुस्तीसाठी पुन्हा वेगळे निर्णय घ्यावे लागले. इमारत आली, पण गावाची सवय तिच्याबरोबर आली नाही. जिथे गावाने ती आपलीशी केली तिथे वाचनालयं चालली, कार्यक्रम झाले. बाकी ठिकाणी कुलूप आणि गवत.

पुतळ्यांकडे वळू. शिवाजी महाराज, महात्मा गांधी, डॉ. आंबेडकर यांचे पुतळे नाहीत असं शहर महाराष्ट्रात शोधावं लागेल. आदिवासी भागात त्यांच्या जोडीने बिरसा मुंडा आणि एकलव्यही उभे राहतात. पुतळा ही नुसती शोभेची वस्तू नाही. ‘आम्हीही इथले आहोत’ असं एखादा समाज त्यातून सांगत असतो. म्हणून पुतळ्यावरून भावना पेटतात आणि म्हणूनच सरकारला त्याचे नियम करावे लागतात.

नियम काय आहेत ते थोडक्यात पाहू. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सांगितलं की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या अशा जागांवर पुतळा किंवा बांधकाम उभारायला राज्यांनी परवानगी देऊ नये. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने २ मे २०१७ रोजी पुतळ्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. परवानगीचा विचार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती करते. जागा कोणाची, वाहतुकीला अडथळा होतो का, कायदा-सुव्यवस्थेबद्दल पोलिसांचं म्हणणं काय, त्याच व्यक्तीचा पुतळा जवळपास आधीच आहे का, हे सगळं तपासलं जातं. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. देखभाल आणि पावित्र्य राखण्याची जबाबदारी उभारणाऱ्या संस्थेने लेखी घ्यायची असते.

म्हणजे कागदावर देखभाल आहे. पण बारकाईने बघा. अनावरणाच्या आधी दहा टेबलं आहेत, प्रत्येकाची सही हवी. अनावरणाच्या नंतर एक हमीपत्र आहे. पुतळा ‘कोण’ सांभाळेल हे त्यात येतं. ‘कधी’ तपासायचा, ‘कोणाकडून’ तपासून घ्यायचा आणि त्याला पैसे ‘कुठल्या खात्यातून’ येणार, हे त्यानेच आपोआप ठरत नाही. उभारणाऱ्या समितीतली माणसं दहा वर्षांनी पांगतात, मुख्याधिकारी बदलून जातात, दप्तर दुसऱ्या कपाटात जातं, आणि पुतळा तसाच उन्हापावसात उभा राहतो.

धातूचा पुतळा म्हणजे अजरामर, असा एक समज आहे. तो खरा नाही. ब्राँझवर पावसाने, धुराने आणि पक्ष्यांच्या विष्ठेने हिरवट थर चढतो. आत लोखंडी सांगाडा असेल आणि जोडातून पाणी शिरलं तर सांगाडा आतून गंजतो, बाहेरून काही कळत नाही. यात आपलं प्रेमही भर घालतं. दुधाचा अभिषेक केला की त्याचे अंश खाचांत राहतात. हार घालायला शिडी थेट पुतळ्याला टेकवली की तिथला पृष्ठभाग झिजतो. आणि जयंतीच्या आदल्या रात्री कोणी उत्साहाने सोनेरी ऑइलपेंट फासला की शिल्पकाराने चेहऱ्यावर काढलेली बारीक रेघ कायमची बुजते. उपाय काही अवघड नाहीत. साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुणं, कोरडं करून मेणाचा पातळ थर देणं, जोड आणि नटबोल्ट जाणकाराकडून बघून घेणं. वर्षातून एकदा, एवढंच. पण ते कोणाच्या तरी कामाच्या यादीत असायला हवं.

ते नसलं की काय होतं? ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. त्यात चूक कोणाची, हा न्यायालयाचा विषय, आम्ही त्यात पडत नाही. पण समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात धातूची रोजची तब्येत पाहणारं कोणी हवं, हा धडा सगळ्या महाराष्ट्राला त्या दिवशी मिळाला.

मोठ्या पुतळ्यांचं म्हणाल, तर आपल्या जिल्ह्याचं आणि जगातल्या सगळ्यात उंच पुतळ्याचं एक विचित्र नातं आहे. केवडियाचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा, ३१ ऑक्टोबर २०१८ला अनावरण झालेला, सरदार सरोवराच्या भिंतीसमोर आहे. त्या धरणाच्या पाण्यात महाराष्ट्राची जी ३३ गावं आली ती आपल्याच अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. आणि त्या पुतळ्याचे शिल्पकार राम सुतार मूळचे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. १९५०च्या दशकात, स्वतःचं मोठं नाव होण्याआधी, त्यांनी पुरातत्त्व खात्यात वेरूळ-अजिंठ्याच्या जुन्या शिल्पांच्या दुरुस्तीचं काम केलं होतं. नवं घडवणाऱ्या हातांनी आधी जुनं सांभाळायला शिकावं, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. केवडियाच्या त्या २,९८९ कोटींच्या ठेक्यात आरेखन आणि बांधकामाबरोबर देखभालही धरलेली होती. खर्चाबद्दल, विस्थापनाबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो. पण ही एक गोष्ट आमच्या गावच्या दहा फुटी पुतळ्याच्या निविदेतही लिहिता येईल.

आता दुसऱ्या प्रकारच्या कलेकडे येऊ, जी उभी राहते आणि जाते. हिंदीत-इंग्रजीत तिला काहीही म्हणोत, आपण तिला आरास म्हणतो, देखावा म्हणतो, मांडव म्हणतो.

नंदुरबारचा गणेशोत्सव ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा पाहावा. इथले मानाचे गणपती नात्याच्या नावांनी ओळखले जातात. श्रीमंत दादा गणपती आणि श्रीमंत बाबा गणपती हे त्यातले सगळ्यांत मोठे. शंभराहून जास्त वर्षांची परंपरा. मूर्ती मातीची, दरवर्षी नव्याने घडवलेली. अनंत चतुर्दशीला दोघांचे रथ निघतात आणि रात्री जळका बाजारात दादा आणि बाबा समोरासमोर येतात. त्याला हरिहर भेट म्हणतात. ती पाहायला शेजारच्या गुजरातमधूनही माणसं येतात. काही मिनिटांचा तो क्षण, आणि मग मूर्ती पाण्यात.

सातपुड्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी बघा. काठी संस्थानची राजवाडी होळी म्हणून ती प्रसिद्ध आहे. सत्तरएक फूट उंचीचा बांबू जंगलातून आणतात, खड्डा खणून तो माणसांच्या बळावर उभा करतात, रात्रभर ढोल वाजतात, आणि पहाटे होळी पेटते. बावा, बुध्या झालेली माणसं आधी कित्येक दिवस व्रत पाळतात. अंगावर रंगाची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा आणि बांबूचा टोप, कमरेला घुंगरू आणि भोपळे. नाचणाऱ्यांना कोणी ‘कलाकार’ म्हटलं तर त्यांना ते विचित्र वाटेल. त्यांच्यासाठी तो नवस आहे, पाळणूक आहे. म्हणून आपणही हा शब्द जपून वापरू. पण रचना, रंग, उंची, वेळ या सगळ्यांचा इतका काटेकोर मेळ शहरातल्या कुठल्या महोत्सवात दिसतो?

आमचा आजचा मुख्य मुद्दा इथे आहे. दगडाचं-धातूचं ते कायमचं आणि माती-बांबूचं ते तात्पुरतं, असं आपण शिकलो. इतिहास मात्र उलटं दाखवतो. मूर्ती दर वर्षी विरघळते, पण ती घडवायची रीत, रथाचा मार्ग, दोर कोणी धरायचा, दिवाबत्ती कोणाकडे, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं आहे. बांबू जळून जातो, पण तो कसा निवडायचा हे ठाऊक असणारी माणसं पुढच्या वर्षी असतात. तात्पुरत्या कलेला दर वर्षी पुन्हा जन्म घ्यावा लागतो, म्हणून तिला सांभाळणारे हात कधी रिकामे होत नाहीत. कायमच्या कलेला एकदाच जन्मायचं असतं, म्हणून तिला सगळे विसरतात.

पण यामुळे तात्पुरत्या कलेला व्यवस्थापन लागत नाही असं समजू नका. मांडवाला नगरपालिका आणि पोलीस यांची परवानगी, वर्गणी जमवायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी, विजेची तात्पुरती जोडणी, मिरवणुकीच्या वाटेवरच्या तारांची उंची, रुग्णवाहिकेला किती वाट सोडायची, हे दर वर्षी ठरवावं लागतं. वायरमन, सफाई कामगार, बंदोबस्तातला शिपाई हे खऱ्या अर्थाने या कलेचे व्यवस्थापक आहेत. त्यांची नावं कुठल्या फलकावर येत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आणि आज या कलेपुढे एक खरा पेच आहे. नंदुरबार हे गणेशमूर्तींचं मोठं केंद्र आहे. इथल्या कारखान्यांतून मूर्ती गुजरातेत जातात, मध्य प्रदेशात जातात. सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरचं हे गाव, बाजार आपोआप त्या दिशेला गेला. यातल्या पुष्कळ मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, म्हणजे पीओपीच्या. पीओपी हलकं, स्वस्त, साच्यातून झटपट निघणारं, लांबच्या प्रवासात न तडकणारं. पण ते पाण्यात लवकर विरघळत नाही आणि वरचे रासायनिक रंग तळ्यात-नदीत उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांत पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. मग न्यायालयात वाद चालला. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जून २०२५ रोजी मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. २४ जुलै २०२५च्या आदेशात सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितल्या.

आता विचार करा, पाणी म्हणजे तापी, आणि हात म्हणजे मूर्तिकार. दोन्ही आपलेच. तापी वाचली पाहिजे, यात वाद नाही. पण मूर्तिकाराचं वर्ष गणपती झाले की दुसऱ्याच महिन्यात सुरू होतं. साचे बनतात, कच्चा माल येतो, कर्ज काढलं जातं. नियम पावसाळ्यात बदलला तर त्याचा अर्धा माल तयार झालेला असतो. शाडूची माती बाहेरून आणावी लागते, मूर्ती जड होते, वाळायला वेळ घेते, ट्रकमध्ये कोपरे उडतात. तेव्हा प्रश्न ‘पर्यावरण की परंपरा’ असा नाही. प्रश्न वेळापत्रकाचा आहे. निर्णय दिवाळीच्या आसपास कळला, मातीची सोय झाली, वाळवायला छप्पर मिळालं, तर हेच हात मातीकडे वळतील. त्याचा पुरावा याच शहरात आहे. दादा आणि बाबा मातीचेच आहेत आणि लहान नाहीत.

दूरचं एक उदाहरण देतो. मुंबईच्या काळा घोड्याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं आहे. तिथे सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, घोड्यावर बसलेला पुतळा होता. १८७९ साली बसवलेला. १९६५ साली तो हलवला आणि भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, पण चौकाचं नाव काळा घोडाच राहिलं. १९९९पासून तिथे दर वर्षी कला महोत्सव भरू लागला, रस्त्यावर तात्पुरती शिल्पं उभी राहू लागली. २०१७ साली तिथे स्वाराशिवायचा नवा घोडा बसवला. यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, नको झालेला पुतळा फोडावा लागत नाही, तो नोंद करून, हलवून सांभाळता येतो. दोन, कायमचा पुतळा आणि तात्पुरती कला एकाच चौकात एकमेकींना आधार देऊ शकतात.

मग नंदुरबारसारख्या जिल्ह्याने काय करावं? आमचं मागणं मोठं नाही. एक नोंदवही. प्रत्येक नगरपालिकेत, ग्रामपंचायतीतही चालेल. तिच्यात प्रत्येक पुतळा, स्मारक, भिंतीवरचं मोठं चित्र यांची नोंद असावी. काय आहे, कोणी घडवलं, कशाचं आहे, कधी बसवलं, जागा कोणाची, शेवटचं कधी तपासलं आणि आता जबाबदार कोण. चारही बाजूंनी एक-एक फोटो. शिल्पकाराचं नाव लिहायला विसरू नका. कोनशिलेवर अनावरण करणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात असतं, घडवणाऱ्याचं पुष्कळदा नसतंच.

दुसरी वही तात्पुरत्या कलेची. कोणता मांडव, कोणती वाट, कोणत्या वर्षी कुठे तार अडकली, मूर्ती कोणी घडवली, माती कुठून आणली. पन्नास वर्षांनी कोणी इतिहास लिहायला बसला तर त्याला ही वही सोन्यासारखी वाटेल. आज आम्ही जुन्या उत्सवांबद्दल शोधायला जातो तेव्हा वर्षावरून वाद होतात, कारण त्या वेळी कोणी लिहून ठेवलं नाही.

आणि तिसरी गोष्ट, दिवस ठरवा. हुतात्म्यांच्या स्मारकाला ९ सप्टेंबर आहे, तसा प्रत्येक पुतळ्याला वर्षातला एक दिवस द्या. हारासाठी नाही, तपासणीसाठी. जयंतीच्या महिनाभर आधी शाळेची मुलं आणि एक जाणकार यांनी मिळून पाहणी करावी, वहीत लिहावं, दुरुस्ती हवी असेल तर अर्ज करावा. हार त्यानंतर.

शेवटी नवापूरची एक गंमत सांगून थांबतो. नवापूर रेल्वे स्थानकात फलाटावर एक बाक आहे. अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. स्थानकाचाच एक भाग इकडे आणि एक तिकडे, १ मे १९६०ला दोन राज्यं वेगळी झाली तेव्हा पडलेली ही रेघ. त्या बाकावर दोन राज्यांची नावं रंगवलेली आहेत आणि येणारा-जाणारा त्यावर बसून फोटो काढतो. तो बाक शिल्प म्हणून कोणी मागवला नव्हता. पण आज जिल्ह्यात सगळ्यांत जास्त फोटो निघणाऱ्या वस्तूंत तो असेल. कुठल्याही समितीने मंजूर न केलेली, लोकांनीच पसंत केलेली सार्वजनिक कला. त्याचा रंग उडाला की कोणी तरी पुन्हा लावतो.

तो ‘कोणी तरी’ कोण, एवढंच आपल्या गावाच्या वहीत लिहून ठेवायचं आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ. पण त्याआधी एक विनंती: घरी जाताना तुमच्या चौकातल्या पुतळ्यासमोर दोन मिनिटं थांबा आणि तो कोणी घडवला, ते नाव शोधा. सापडलं तर पुढच्या व्याख्यानाला लिहून आणा. नाही सापडलं, तरी तेही लिहून आणा. वहीचं पहिलं पान तिथूनच सुरू होईल.